झुपक्याचे पाय दुखतायत

झुपक्याच्या पोटावर करवंदाचा डाग आहे. उजव्या कानाला खणाचं ठिगळ आहे, शेपटी तीनदा नव्याने शिवली आहे आणि पाठीचा डाळिंबी रंग उन्हाने विटून जुन्या कौलासारखा झाला आहे. झुपका म्हणजे शेकरू. माझ्या आजेसासूबाईंच्या इरकली लुगड्यातून शिवलेला. लेक पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तो केला. आता ती अकरा वर्षांची आहे. लोहगड, कोरीगड, राजमाची, भीमाशंकरचं रान, कळसूबाई हे सगळं दोघांनी बरोबरच पाहिलं.

मुलांना घेऊन डोंगरात जायचं म्हटलं की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्ध्या वाटेत मूल बसलं तर? उचलून घ्यायला ते जड झालेलं असतं आणि समजूत घालायला अजून लहान असतं. साधारण चार ते आठ या वयातला हा पेच आहे. माझ्यापुरतं त्याचं उत्तर घरी शिवलेल्या एका कापडी प्राण्यात सापडलं. तुम्हालाही करून बघायचं असेल तर सहा वर्षांत जे कळलं ते सांगते, आणि जे चुकलं तेही.

आमचा पहिला गड लोहगड. लोहगडवाडीतून वर पायऱ्या आहेत, वाट चुकायची भीती नाही, म्हणून मुलांसाठी तो चांगला. पण त्या पायऱ्या मोठ्यांच्या मापाच्या. काही तर पाच वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला लागतात. गणेश दरवाजा ओलांडला आणि लेक खालीच बसली. "आई, झुपक्याचे पाय दुखतायत." मी म्हटलं, "तो तर तुझ्या कडेवर आहे, त्याचे पाय कसे दुखतील?" तिने ओठ काढले आणि रडायलाच लागली. वरून एक आजी उतरत होत्या. त्या थांबल्या, झुपक्याचे पाय हातात घेऊन हलके दाबले आणि म्हणाल्या, "दमलाय गं तो. बसू दे जरा. पाणी पाज त्याला." लेकीने बाटलीचं बूच झुपक्याच्या तोंडाला लावलं, मग स्वतः घटाघटा पाणी प्यायली. दहा मिनिटांनी दोघं उठले. नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे पुढचे तिन्ही दरवाजे तिने त्याला बोट करून दाखवले.

त्या आजींना जे चटकन कळलं ते शिकायला मला वेळ लागला. मूल 'मी दमले' असं सहसा म्हणत नाही. आपण दमलेलं आईबाबांना आवडणार नाही, हे त्याला नेमकं कळतं. 'मला भीती वाटते' म्हणणं तर त्याहून अवघड. पण हातातल्या खेळण्याला भूक लागते, त्याला थंडी वाजते, त्याला अंधार आवडत नाही, त्याला शी लागते. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आणि मनोविश्लेषकाने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुलांच्या अशा जिवापाड जपलेल्या वस्तूंबद्दल, गोधडीच्या कोपऱ्यापासून कापडी अस्वलापर्यंत, फार बारकाईने लिहिलं आहे. ती वस्तू मुलाला आपल्यातलीही वाटते आणि बाहेरचीही. ती खरोखर कुठली, हा प्रश्न मोठ्यांनी विचारायचाच नसतो. डोंगरात याचा सरळ अर्थ असा: खेळणं जे बोलेल ते मुलाचं म्हणणं समजायचं आणि त्यावर ताबडतोब काहीतरी करायचं.

मी एकदा तसं केलं नाही. कळसूबाईला. लेक तेव्हा सात वर्षांची. बारी गावातून सकाळी लवकर निघालो होतो, ती छान चालत होती. पहिल्या लोखंडी शिडीपाशी म्हणाली, "झुपक्याला शिडी नको वाटते." शिखर १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, आणि आम्ही इतके जवळ आलेलो. मी म्हटलं, "त्याला सॅकमध्ये टाक, त्याला दिसणारच नाही." तिने मुकाट्याने टाकलं. वर गेलो, देवीचं दर्शन झालं, फोटो झाले. उतरताना त्याच शिडीच्या मधोमध तिचे हात लोखंडाला घट्ट चिकटले. खाली बघेना, वर येईना. मागे माणसांची रांग. मी खालच्या पायरीवर उभी राहून तिचा एकेक पाय हाताने धरून खाली ठेवत होते. ती रडत नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तिने सकाळीच सांगितलं होतं. ऐकायचं काम माझं होतं.

म्हणून खेळणं सोबत न्यायचं ठरवत असाल तर आधी स्वतःशी हे कबूल करा की ते मूल चालवण्याची युक्ती नाही. 'झुपक्याला शिखर बघायचंय, चल चल' असं म्हणून मुलाला ओढलंत तर दोनदा चालेल. तिसऱ्यांदा मूल ते खेळणं घरी ठेवून येईल, आणि त्याच्या मनातलं कळायची वाटही त्याबरोबर बंद होईल.

आता शिवण्याकडे येऊ. विकतचं का नको, असं बरेच जण विचारतात. एक तर विकतच्या मऊ खेळण्यांना बहुधा लांब लव असते. पावसाळा संपला की सह्याद्रीच्या पठारांवर गवत वाळतं आणि त्याची कुसळं त्या लवेत अशी रुततात की काढता काढता रात्र होते. आघाड्याची बोंडं, गोखरूची काटेरी फळं, सगळं त्यात गुंततं. भिजलं की दोन दोन दिवस वाळत नाही. दुसरं म्हणजे, जे आपल्या हाताने शिवलं ते फाटलं तर पुन्हा शिवता येतं, हे मुलाने पाहिलेलं असतं. फाटण्याची धास्ती गेली की खेळणं डोंगरात मोकळेपणाने हिंडू शकतं.

कोणता प्राणी करायचा ते मुलाला ठरवू द्या, पण आपल्या डोंगरातला असेल तर गंमत वाढते. शेकरू, खवल्या मांजर, घोरपड, धनेश, बेडूक. आम्ही शेकरू निवडलं कारण ते आपल्या राज्याचा प्राणी आहे आणि त्याला लांब शेपटी असते. ती शेपटी फार उपयोगाची ठरली. मुलाला खेळण्याचा काहीतरी धरायला भाग लागतो. कान किंवा हात धरले की ते उसवतात. जाड, दुहेरी शिवणीची शेपटी म्हणजे मूठच.

माप मुलाच्या हातावरून घ्या: अंग कोपरापासून मनगटापर्यंत, शेपटी तेवढीच. याहून मोठं खेळणं तासाभराने तुमच्या सॅकवर येतं. वजन एका मध्यम कांद्याएवढं. भरून झालं की खरंच एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात खेळणं धरून बघा.

कापड घरातलंच घ्या. जुनं लुगडं, वडिलांचा सुती सदरा, बाळंतपणातलं दुपटं. जुनं सूत मऊ असतं, आणि 'हे पणजीचं लुगडं' असं सांगता येतं. पण ते विरलेलंही असतं. नुसतं लुगडं घेतलंत तर पहिल्याच गडावर शिवणीशेजारी फाटेल. गोधडी शिवणाऱ्या बायका जुन्या पातळाला आतून दुसरा थर देतात, तसंच इथे करायचं: आत मांजरपाट, वर लुगडं, दोन्ही एकत्र धावदोऱ्याने जोडून मगच कापायचं. इरकलीसारखी गडद कापडं रंग सोडतात का, ते आधी तपासा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमाल लाल झाला तर कापड भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घ्या. नाहीतर पहिल्या पावसात मुलाचा सदरा, सॅक आणि गाल, सगळं डाळिंबी होईल.

कागदावर खाका काढा. शेकरासाठी लांबट भेंडीसारखं अंग, गोल डोकं, टोकाला केसांचा झुबका असलेले दोन कान, चार आखूड पाय आणि शेपटी. चौफेर अर्धा इंच शिवणीसाठी सोडा. दोन्ही बाजू सुलट अंगाने समोरासमोर ठेवून उलटी टीप घाला, टाके तांदळाच्या दाण्याहून लहान. मशीन असेल तरी गळा आणि शेपटीचं मूळ इथे हाताने दुसरी ओळ घालाच. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा सतत ओला राहिला की कुजतो. आमची शेपटी पहिल्यांदा सुटली ती कापडामुळे नव्हे, दोऱ्यामुळे.

पोटाखालची चार बोटं शिवण मोकळी ठेवा, तिथून उलटवून आत भरा, आणि ती शिवण मात्र वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घाला. आमच्याकडे ती पिवळ्या दोऱ्याची आहे. पुढे धुण्यासाठी आतलं काढायचं झालं की कुठे उसवायचं ते लगेच दिसतं. लेक त्याला झुपक्याचा दरवाजा म्हणायची.

भरायचं काय? साधा कापूस पाणी पितो आणि गोळे होऊन बसतो. उशीत भरतात ते फायबर चालतं, लवकर वाळतं. पण मला सगळ्यांत आवडला तो काटेसावरीचा कापूस. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलं येतात तीच काटेसावर. उन्हाळा चढला की तिची बोंडं तडकतात आणि पांढरा, रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. त्या तंतूंवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो, म्हणून पाणी सहज आत शिरत नाही. याच जातकुळीतल्या झाडाचा कापूस पूर्वी जहाजांवरच्या तरंगत्या जॅकेटांत भरत. शेताच्या बांधावरच्या, रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेली बोंडं वेचा. अभयारण्यातलं मात्र काहीही उचलायचं नाही. सरक्या काढा, हे काम मुलं तासन्‌तास करतात. हा कापूस नाकातोंडात जातो, तेव्हा तोंडाला रुमाल बांधा आणि पंखा बंद ठेवा. तो थेट न भरता मांजरपाटाच्या छोट्या पिशवीत भरून ती पिशवी आत घाला. आणि तो भडकन पेट घेतो, हे कधीही विसरू नका. चूल, शेकोटी यांच्याजवळ असं खेळणं नको.

डोळ्यांना बटणं, मणी काहीही लावू नका. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर हा नियमच समजा. मोठ्या मुलांच्या बाबतीतही मी तेच सांगेन, कारण घरात धाकटं भावंड असतं आणि बटण कुठे पडलं ते डोंगरात सापडत नाही. काळ्या दोऱ्याने भरीव टाका घाला, मध्ये पांढरा एकच ठिपका. तो ठिपका विसरलात तर डोळे निर्जीव दिसतात. झुपक्याचा एक डोळा जरा वर गेला आहे, त्यामुळे तो कायम काहीतरी विचारल्यासारखा बघतो. उसवून नीट करायला मी निघाले होते, तर लेकीने हात धरला.

मानेमागे निवारपट्टीचा बोटभर फासा शिवा, सॅकला अडकवण्यासाठी. गळ्यात अडकेल अशी लांब दोरी कुठेही नको, ना खेळण्याला ना मुलाला. पाठीवर आतल्या बाजूने काडेपेटीएवढा खिसा करा आणि त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी ठेवा: आईबाबांचे फोन, मुलाचा रक्तगट, कशाची अॅलर्जी असेल तर ती. मूल घाबरलं की स्वतःचा पत्ताही विसरतं, पण खेळण्याच्या पाठीत चिठ्ठी आहे हे त्याच्या लक्षात राहतं.

एक चूक मी रंगात केली. शेकराचा तांबूस रंग जंगलात सहज मिसळून जातो. राजमाचीहून कोंदिवड्याच्या बाजूला उतरताना एका ओढ्यापाशी लक्षात आलं की झुपका नाही. पाऊण तास मागे चढत गेलो. वाळलेल्या पाचोळ्यात तांबडं खेळणं म्हणजे पाचोळाच. अखेर सापडला तो करवंदीच्या जाळीवर, डोळ्यांच्या उंचीला टांगलेला. वाटेने लाकडाची मोळी घेऊन गेलेल्या कुणीतरी तो उचलून तिथे ठेवला होता, येणाऱ्याला दिसावा म्हणून. पोटावरचा डाग त्याच दिवसाचा. घरी आल्यावर झेंडूच्या रंगाचा पट्टा त्याच्या गळ्याशी चारी बाजूंनी शिवून टाकला. तुमचा प्राणी कोणत्याही रंगाचा असो, एक भडक पिवळा किंवा केशरी पट्टा लावाच.

वाटेवर काय सांभाळायचं, ते आता. खेळणं कुणी न्यायचं याचा नियम घरीच ठरवा. सपाट वाटेवर हातात, चढ आला की सॅकच्या पट्ट्याला, आणि जिथे हात लावून चढावं लागतं तिथे सॅकच्या आत. दोन्ही हात मोकळे हवेत, यात सूट नाही. पण आत ठेवण्यापूर्वी, 'झुपक्याला इथे कसं वाटतंय?' हे विचारायचं आणि उत्तर खरं धरायचं. कळसूबाईनंतर आमचा हा नियम झाला. त्याच्या उत्तरावरून आम्ही दोनदा शिखर न गाठता परत फिरलो आहोत.

दुसरी गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. खेळण्याचा फोटो काढायला ते कड्याच्या काठावर, बुरुजाच्या कठड्यावर ठेवू नका. कधीच नाही. वारा आला, खेळणं घसरलं की मूल त्याच्यामागे झेपावतं, विचार करत नाही. निघण्यापूर्वी, घरी, शांतपणे सांगून ठेवा: तो खाली पडला तर पडला, त्याच्या मागे कुणी जायचं नाही, आई-बाबासुद्धा नाही, आपल्याकडे कागदाचा खाका आहे आणि लुगड्याचा तुकडाही आहे. तो तुकडा आणि खाका खरोखर एका पाकिटात जपून ठेवा. म्हणजे हे सांगताना तुमच्या आवाजात खात्री येते.

खाऊ खाताना खेळण्याला भरवायचं ते खोटं खोटं. चिक्कीचा, केळ्याचा वास लागला की गडांवरची माकडं ते हिसकावतात, आणि मूल ते सोडत नाही. त्या ओढाताणीत चावा बसू शकतो. माकडाने धरलं तर सोडून द्यायचं, हेही घरी सांगायचं. उग्र वासाचा साबण, अत्तर, फवारे यांपासून खेळणं आणि मूल दोन्ही लांब ठेवा. कड्याकपारींत आग्या मोहोळं असतात आणि वास, धूर, आरडाओरडा यांनी त्या माश्या उठतात. दगडांच्या फटीत, बिळात 'झुपक्याचं घर' करायचं नाही. मुक्काम केलात तर सकाळी बूट झटकतो तसं खेळणंही झटका, विंचवाची शंका नको.

आणि मूल चुकलं तर? अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८१ साली डोंगरात हरवलेल्या एका मुलाचा जीव गेला. त्यानंतर तिथे मुलांना साधी गोष्ट शिकवायला सुरुवात झाली: हरवलास तर एका झाडाला मिठी मारून तिथेच थांब. शोधणाऱ्यांना एका जागी थांबलेलं मूल सापडतं, भटकणारं सापडत नाही. हाच धडा मी लेकीला झुपक्यासकट दिला. झाडाशी बसायचं, झुपक्याला मांडीवर घ्यायचं, त्याला एकटं सोडून हलायचं नाही, थांबून थांबून शिट्टी वाजवायची. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधलेली. एकटं थांबणं मुलाला कठीण जातं, पण कुणाला तरी धीर देत थांबणं जमतं. घरामागच्या टेकडीवर याची दोन-तीनदा तालीम करा. मोठ्यांनी आपापल्या फोनवरून ११२ लावायचा असतो, तेही मुलांसमोर बोलून ठेवा.

सुरुवात टेकडीनेच करा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडी, नाहीतर तुमच्या गावाजवळचं डोंगरावरचं देऊळ. खेळणं पहिल्या खेपेला सोबत रुळतं की नाही ते तिथे कळतं. मग लोहगड, पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. कोरीगड मला मुलांसाठी सगळ्यांत आवडतो. पेठ शहापूरहून पायऱ्यांची वाट आहे, वर दोन तळी आहेत आणि तटबंदी सलग शाबूत असल्याने आतल्या बाजूने पूर्ण फेरी मारता येते.

खेळणं शेकराचं असेल तर भीमाशंकरला एकदा जायलाच हवं. १९८५ साली जाहीर झालेलं ते अभयारण्य शेकरांसाठी ओळखलं जातं. खांडसकडून पायी चढणार असाल तर गणेश घाटाने जा, मुलांना घेऊन शिडी घाटाने नको. पहाटेनंतर थोड्या वेळाने, गर्दीपासून लांब, मान वर करून बसा. आधी फांदीत काटक्या-पानांचं गोल घरटं दिसतं, मग कुठून तरी खडखडल्यासारखी हाक येते. आम्हाला दिसलं तेव्हा ते उंबराच्या फांदीवर उलटं लटकून, मागच्या पायांनी फांदी धरून, पुढच्या दोन हातांत फळ फिरवत खात होतं. शेपटी खाली सरळ लोंबत होती, अंगाहून लांब. लेकीने झुपक्याला छातीशी धरून हळूच उलटं केलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती कानाशी येऊन म्हणाली, "आई, त्याचं पोट पिवळट आहे. आपण लालच शिवलंय." त्या दिवाळीच्या सुट्टीत झुपक्याला बदामी रंगाचं पोट मिळालं, फक्त करवंदाचा डाग असलेला तुकडा तिने कापू दिला नाही, तो बदामी पोटावर पुन्हा शिवून घेतला.

घरी परतल्यावर त्याच रात्री दोन कामं करा. कुसळं काढा, ओढून नव्हे तर रुतलेल्या दिशेने पुढे ढकलून, आणि शिवणींत गोचीड नाही ना ते पाहा. धुण्याची घाई मात्र करू नका. विनिकॉटने याबद्दलही लिहिलं आहे: ही वस्तू मळकट झाली, तिला वास आला, तरी शहाणी आई ती लगेच धूत नाही, कारण धुण्याने मुलाच्या अनुभवातलं काहीतरी तुटतं. मी मधला मार्ग काढला. मुलगी सांगेल तेव्हाच धुवायचं, आणि तिनेच धुवायचं. पिवळी शिवण उसवून आतली पिशवी काढायची, कवच रिठ्याच्या कोमट पाण्यात हलकं चोळायचं, पिळायचं नाही, पंचात दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत घालायचं. कानाला चिमटा लावून टांगू नका, जाळीवर आडवं ठेवा. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात गेलं तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत.

डागडुजीसाठी एका डब्यात सुई, तोच दोरा आणि त्याच लुगड्याच्या चिंध्या ठेवा. सहा-सात वर्षांचं मूल धावदोरा घालू शकतं, नऊ-दहाचं उलटी टीप. टाके वाकडे आले तर तसेच राहू द्या. शिवताना मूल बोलतं: कुठे फाटलं, तेव्हा काय झालं, कोण घाबरलं. तुम्ही सुईत दोरा ओवून द्या आणि ऐका. त्या गोष्टीला शेवटी शिकवण जोडू नका. लेकीने कळसूबाईच्या शिडीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते झुपक्याची शेपटी शिवताना, तब्बल चार महिन्यांनी.

आणि एक दिवस खेळणं सॅकच्या पट्ट्यावरून आत जाईल. बरोबरीची मुलं हसतील असं वाटू लागतं, साधारण नऊ-दहाव्या वर्षी. त्यावर काही बोलू नका, इतरांसमोर तर नाहीच, आणि ते माळ्यावरही टाकू नका. आमच्याकडे गेलं वर्षभर झुपका आतल्या चेनच्या कप्प्यात असतो. तो आहे का, हे मी विचारत नाही. निघायच्या आदल्या रात्री तिची सॅक भरून झाली आणि तो कप्पा फुगलेला दिसला की तिचा स्वेटर तेवढा काढून मी माझ्या सॅकमध्ये घेते.